एपीचे गुण एकच, हिशेब मात्र तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील काही मुले हायस्कूलनंतर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षे शिकून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजेच यूसीत, ट्रान्सफर घेतात. यांपैकी अनेकांनी हायस्कूलमध्ये असताना एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीवरील ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या, परीक्षा दिलेल्या असतात, आणि ‘एपीचे क्रेडिट मिळाले’ एवढे ऐकून घरातील मंडळी निर्धास्त होतात. हे क्रेडिट नेमके कशासाठी मिळाले, हा प्रश्न बहुधा ट्रान्सफरचा अर्ज भरताना पुढे येतो आणि तोवर नको ते वर्ग करून झालेले असतात. पालकांना आणि येथील कॉलेजांनाही याबाबत काही सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

एपीच्या एकाच निकालाचे तीन वेगळे हिशेब होतात. पहिला हिशेब युनिटांचा, म्हणजे अभ्यासक्रमाचे वजन मोजणाऱ्या एककांचा; ती सेमिस्टर किंवा क्वार्टर या सत्रपद्धतीनुसार मोजतात. यूसीत तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्यासाठी 60 सेमिस्टर युनिटे लागतात आणि एपीत 5 पैकी 3 किंवा अधिक गुण असतील तर यूसी बहुतेक विषयांना 8 क्वार्टर युनिटे, म्हणजे 5.3 सेमिस्टर युनिटे, देते. कम्युनिटी कॉलेजाने आपल्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) त्याच परीक्षेसाठी कोणता आकडा लिहिला आहे याच्याशी यूसीला कर्तव्य नसते. ती आपला हिशेब नव्याने करते. कम्युनिटी कॉलेजातून जास्तीत जास्त 70 सेमिस्टर युनिटे धरली जातात, त्यामुळे एपीची युनिटे धरून आकडा फार वाढला तर प्रवेश नाकारला जाईल अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. ती निराधार आहे, कारण परीक्षांतून मिळालेली युनिटे या मर्यादेत मोजलीच जात नाहीत. मात्र एपीच्या जोरावर कम्युनिटी कॉलेजातील मुक्काम हवा तेवढा आखडता येईल असेही कोणी समजू नये. कम्युनिटी कॉलेजाचा विद्यार्थी म्हणून यूसीत जे प्राधान्य मिळते, त्यासाठी किमान 30 सेमिस्टर युनिटे अशा कॉलेजात पूर्ण केलेली असावी लागतात.

दुसरा हिशेब सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मेजर (मुख्य विषय) कोणताही असला तरी घ्याव्या लागणाऱ्या, विषयांचा, आणि तो त्या मानाने सोपा आहे. 2016 मध्ये संमत झालेल्या कायद्याने राज्यातील सर्व कम्युनिटी कॉलेजांना 3 व त्याहून अधिक गुणांसाठी एकसमान धोरण ठेवणे भाग पडले, आणि 2025 च्या फॉलपासून (शरद सत्रापासून) आयगेट्सी या सामान्य शिक्षणाच्या जुन्या आराखड्याच्या जागी आलेल्या कॅल-गेट्सी या आराखड्यातही एपीचे गुण बऱ्याच विभागांत चालतात. अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे: एपी इंग्लिशमुळे पहिला निबंधलेखनाचा वर्ग भागतो, परंतु चिकित्सक विचार व लेखन आणि मौखिक संवाद या दोन विभागांसाठी कोणतीही एपी चालत नाही, तेथे वर्गात बसावेच लागते.

खरी अडचण तिसऱ्या हिशेबात, म्हणजे मेजरच्या पूर्वतयारीत, आहे. कोणत्या गुणांवर कोणत्या अभ्यासक्रमातून सूट द्यायची हे यूसीचा प्रत्येक परिसर (कॅम्पस) आपापले ठरवतो, आणि एकाच परिसरातील यूसीच्याच दोन अंतर्गत कॉलेजांचे नियमही जुळतील असे नाही. फिजिक्सचे उदाहरण बोलके आहे. एपी फिजिक्स 1 हा बीजगणितावर आधारलेला विषय आहे; त्याची युनिटे मिळतात, सामान्य शिक्षणातही त्याचा उपयोग होतो, परंतु इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसवर आधारलेले फिजिक्स लागत असल्याने तेथे त्याने काहीच भागत नाही. त्या विद्यार्थ्याला एपी फिजिक्स सी दिले असेल तरच काही आशा, आणि तीही विभागाने मान्य केल्यास. विद्यार्थ्याच्या मनात मात्र ‘फिजिक्स झाले’ एवढीच नोंद असते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. एपी कॅल्क्युलस झालेला विद्यार्थी तोच अभ्यासक्रम कॉलेजात पुन्हा घेतो आणि दोन्हींची युनिटे मिळतील असे गृहीत धरतो. यूसी एकाच आशयाची युनिटे दोनदा देत नाही. तरीही पुन्हा वर्ग घेणे नेहमीच व्यर्थ असते असे मी म्हणणार नाही. गुण जेमतेम 3 असतील आणि पुढचे गणित त्याच पायावर उभे राहणार असेल, तर राज्यातील रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर भरून वर्गात पुन्हा शिकणे मला शहाणपणाचे वाटते. शिवाय एपीचे गुण श्रेणींच्या सरासरीत धरले जात नाहीत, वर्गातील श्रेणी मात्र धरली जाते. फक्त हा निर्णय समजून-उमजून घेतलेला असावा, गोंधळातून झालेला नसावा.

कागदपत्रांची एक बाबही येथे नमूद करतो. एपीचे गुण कॉलेजाच्या ट्रान्स्क्रिप्टवर आले म्हणजे विद्यापीठाला पोहोचले, असे होत नाही. प्रवेश स्वीकारल्यानंतर एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून अधिकृत निकाल थेट यूसीला पाठवावा लागतो आणि त्याची मुदत 15 जुलै असते. दहावी-अकरावीत शाळेच्या ईमेलवरून उघडलेल्या कॉलेज बोर्डाच्या खात्यात शिरणे चार-पाच वर्षांनी अवघड होऊन बसते, कारण तो ईमेल शाळेने केव्हाच बंद केलेला असतो. म्हणून शाळा सोडण्यापूर्वीच खात्यावरील ईमेल बदलून घ्यावा.

परंतु सगळा भार अठरा वर्षांच्या मुलांवर टाकणे रास्त नाही. असिस्ट या संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजाचा कोणता अभ्यासक्रम विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाऐवजी चालतो हे उत्तम रीतीने दाखवलेले असते. परीक्षांच्या गुणांसाठी मात्र प्रत्येक परिसराची वेगवेगळी पाने धुंडाळावी लागतात. मेजरनिहाय एपीची माहिती त्याच ठिकाणी, त्याच तक्त्यात देणे यूसीला अशक्य नसावे. ते होईपर्यंत कम्युनिटी कॉलेजांनी निदान एवढे करावे की पहिल्याच सेमिस्टरमध्ये एज्युकेशन प्लॅन आखताना काउन्सेलरने विद्यार्थ्याच्या प्रत्येक एपी परीक्षेपुढे युनिटे, सामान्य शिक्षण आणि मेजर अशा तीन नोंदी लिहून द्याव्यात, आणि मेजरच्या रकान्यात विद्यार्थ्याला हव्या असलेल्या प्रत्येक परिसराचे उत्तर स्वतंत्रपणे लिहावे.

आपला,
एक वाचक, कॅलिफोर्निया