लॅक्टेटचा आकडा आणि आयसीयूबाहेरचे नातेवाईक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रक्ततपासणीवरून आयसीयूतल्या पेशंटचं पुढे काय होणार हे आधीच कळतं, अशा अर्थाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मजकूर ठीक होता. मथळा मात्र असा, की सुई टोचली की पेशंट वाचणार की नाही हे कागदावर छापूनच येतं असं वाटावं. रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. हे आकडे मशीनमधून निघताना पाहिलेत आणि आयसीयूबाहेरच्या बाकड्यापर्यंत पोचल्यावर त्यांचं काय होतं तेही पाहिलंय, म्हणून हे पत्र.

असे अंदाज बांधणं जुनंच आहे. अमेरिकेत १९८५ साली पेशंट किती गंभीर आहे हे मोजणारी ‘अपाचे-२’ ही गुणपद्धत आली. तिच्यातल्या १२ मापांपैकी ७ रक्तातून मिळतात: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, पांढऱ्या पेशी वगैरे. १९९६ मध्ये ‘सोफा’ आली. फुप्फुसं, यकृत, किडनी, मेंदू अशा सहा ठिकाणांना प्रत्येकी शून्य ते चार गुण. ती तयार करणाऱ्या मंडळींनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, की ही पद्धत अवयव किती बिघडलेत हे नोंदवण्यासाठी आहे, निकाल वर्तवण्यासाठी नाही. पुढे जगभर ती निकाल वर्तवण्यासाठीही सर्रास वापरली गेली, हा भाग वेगळा.

आता लॅक्टेटचं घ्या. पेशींना पुरेसा रक्तपुरवठा झाला नाही की रक्तातलं हे द्रव्य वाढतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडायला लागतात तेव्हा, सलाइन देऊनही रक्तदाब टिकवायला औषधं लावावी लागली आणि लॅक्टेट २ च्या वर राहिलं, तर २०१६ च्या व्याख्येनुसार तो सेप्टिक शॉक. अशा पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त. नातेवाइकांच्या कानावर एवढंच पडतं आणि घरी फोन जातो, ‘भेटायला या.’ पण ही टक्केवारी अशा शंभर जणांची आहे. तुमचे वडील दगावणाऱ्या चाळिसांत की बाकीच्या साठांत, हे त्या रिपोर्टमध्ये नसतं, कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं.

त्यातल्या त्यात खरी माहिती मिळते ती एका आकड्यातून नाही, तो कुठल्या दिशेला चाललाय यातून. ब्रसेल्सच्या एका आयसीयूतला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ४८ तासांत ज्यांचा सोफा वाढत गेला त्यांच्यातले निदान निम्मे दगावले, मग सुरुवातीचा गुण काहीही असो. ज्यांचा उतरला त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आत राहिलं. म्हणून अनुभवी डॉक्टर पहिल्या दिवशी ‘४८ तास जाऊ द्या’ म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत असतात असं नाही. बऱ्याचदा तेच सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं.

शिवाय आकडा येतो कुठून, हेही वाचकांना माहीत असावं. रक्त काढल्यावरही ट्यूबमधल्या लाल पेशी साखर खातच राहतात आणि लॅक्टेट तयार करत राहतात. म्हणून ते राखाडी टोपणाच्या फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, नाहीतर एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची, सिरिंज लगेच मशीनला लावायची. रात्रपाळीत एकच वॉर्डबॉय चार मजले सांभाळत असेल तर सॅम्पल काउंटरवर पडून राहतं आणि आकडा आपोआप चढतो. अ‍ॅड्रेनलिनचं ड्रिप चालू असेल, फिट येऊन गेली असेल, लिव्हर खराब असेल, तरी तो चढतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टनंतर बेशुद्ध राहिलेल्या पेशंटच्या मेंदूला किती इजा झाली याचा अंदाज घ्यायला एनएसई नावाची रक्ततपासणी करतात. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४८ किंवा ७२ तासांनी ती ६० च्या वर गेली तर लक्षण वाईट, पण एकट्या तिच्यावर निर्णय घ्यायचा नाही, सोबत दुसरी खूणही हवी. आणि सॅम्पल हिमोलाइज झालं, म्हणजे लाल पेशी फुटल्या, तर एनएसई खोटीच वाढते. ट्यूबमधल्या सीरमला लालसर झाक दिसली की आम्ही सॅम्पल परत मागायचो आणि वॉर्डमधून बोलणी खायचो.

२०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ पेशंटवर झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. निम्म्यांवर लॅक्टेट बघून उपचार केले. उरलेल्यांच्या तर्जनीच्या पेरावर मायक्रोस्कोपची काचपट्टी दहा सेकंद दाबून धरायची, सोडल्यावर रंग परत यायला तीनपेक्षा जास्त सेकंद लागतात का ते मोजायचं आणि त्यावर उपचार ठरवायचे. २८ दिवसांत काचपट्टीवाल्या गटातले ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेटवाल्या गटातले ४३.४. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक अगदी थोडक्यासाठी उतरला नाही, त्यामुळे काचपट्टी जिंकली असं म्हणता येणार नाही. पण ती हरली नाही, एवढं नक्की!

याचा अर्थ तपासण्या निरुपयोगी असा मुळीच नाही. जंतुसंसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनचंच बघा. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे त्यावरून ठरवू नये, पण किती दिवसांनी थांबवायचं हे ठरवायला त्याची मदत होते, असं सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात. या आकड्यांचं काम उपचारांना दिशा देण्याचं आहे.

दुर्दैवाने आपल्याकडे ते आधी मोबाइलवर पोचतात. कोविडच्या दोन वर्षांत डी-डायमर, फेरिटिन आणि आयएल-६ ही रक्ततपासण्यांची नावं घराघरांत गेली आणि लोक फॅमिली ग्रुपवर एकमेकांचे आकडे ताडून बघायला लागले. आता रात्री दोन वाजता लाल अक्षरांतली पीडीएफ येते आणि बाकड्यावर झोपलेला मुलगा उठून लॅबच्या खिडकीशी येतो, ‘मॅडम, लॅक्टेट सहा म्हणजे काय हो? नेऊ का घरी?’ खिडकीतल्या माणसाला त्याचं उत्तर द्यायचा अधिकार नसतो. डिपॉझिट संपत आलेलं असतं. काही जण त्याच रात्री स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पेशंटला नेतात, तर काही जण ‘आकडा थोडा उतरलाय’ म्हणून आणखी कर्ज काढतात.

बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटचे उपचार थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पद्धत घालून दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. त्यात डॉक्टरांची दोन मंडळं आहेत, घरच्यांची संमती आहे. रक्ताचा अमुक आकडा आला की थांबा, असं त्यात कुठे नाही.

म्हणून रुग्णालयांकडे मागणं साधं आहे. आयसीयूतल्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांशी रोज ठरलेल्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच बोलावं, कालचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून मराठीत समजावावं आणि काय सांगितलं याची फाइलमध्ये नोंद करावी. मोबाइलवर रिपोर्ट जरूर पाठवा, पण आयसीयूचे रिपोर्ट या बोलण्यानंतर पाठवा. आणि आपल्या पुरवणीने आयसीयूच्या डॉक्टरांना विचारून ‘नातेवाइकांनी रोज कोणते प्रश्न विचारावेत’ यावर एक स्तंभ छापावा. ते कात्रण आयसीयूबाहेर चिकटवायला मी स्वतः घेऊन जाईन.

कळावे,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, सांगली
(कृपया नाव छापू नये.)