ब्रेन ट्युमर म्हटलं की फक्त डोकेदुखी नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात ब्रेन ट्युमरबद्दल काही आलं की डोकं दुखणं, उलट्या एवढंच असतं. माझ्या आईचं डोकं एकदाही दुखलं नाही. तिचा स्वभाव बदलला. बोलकी बाई गप्प झाली, पेपर वाचायचं सोडलं, अंघोळीला सुद्धा सांगावं लागायचं आणि आम्ही सगळे वर्षभर वय झालं, आळस आलाय असंच म्हणत राहिलो, मी तर तिच्यावर चिडायचेसुद्धा, ते अजून मनातून जात नाही. मग एका सकाळी फिट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात भलीमोठी गाठ दिसली. मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर तपासणी करायलाच हवी, हे तेव्हा कळलं.

आईचा मेनिंजिओमा होता, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ. ही बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते. ऑपरेशन झालं, बायोप्सीत ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य, आली आणि दोनतीन महिन्यांत आई परत बोलायला लागली.

पण सगळ्यांचं असं नसतं. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर म्हणजे ग्रेड ४, सगळ्यात जोरात वाढणारा, त्यात ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या देतात, तरी तो बहुधा परत येतोच. पिट्यूटरी म्हणजे मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी, तिच्या गाठीत दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होऊ शकतं, बायकांची पाळी बंद होऊ शकते, आणि त्यातला प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढवणारा प्रकार तर बरेचदा नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. एकाच कानाने कमी ऐकू येणं, त्यात सतत आवाज येणं, हे कानाच्या नसेवरच्या गाठीचं लक्षण असू शकतं. काहींना फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलेला असतो, त्याचे उपचार अजून वेगळे.

आणखी एक, गाठीमुळे मेंदूला आलेली सूज कमी करायला स्टिरॉइड देतात, दोन दिवसांत बरं वाटतं म्हणून लोक आपल्या मनाने बंद करतात. असं अजिबात करू नका, डॉक्टर तो डोस हळूहळू उतरवतात.

आईच्या वेळी ट्युमर शब्द ऐकूनच नातेवाईक रडायला आले होते, गाठ कसली आहे हे कोणी विचारलंच नाही. म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी बातमीत नुसतं ब्रेन ट्युमर लिहू नका, प्रकार आणि ग्रेड पण छापा आणि लक्षणांमध्ये स्वभाव बदलणं सगळ्यात वर घ्या.

आपली नियमित वाचक