विषय: मागवलेल्या मालाऐवजी ‘तसाच’ दुसरा माल पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
घाऊक खाद्यपदार्थ पुरवठा विभाग, लंडन

सप्रेम नमस्कार,

गेल्या मंगळवारी तुमच्या गाडीने आमच्या रेस्टॉरंटला जो माल उतरवला, त्यातल्या चार वस्तूंबद्दल हे पत्र आहे. फोनवर दोनदा बोलणं झालं. दोन्ही वेळा ‘एकच वस्तू आहे, नाव वेगळं’ एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता सविस्तर लिहितो आहोत. तुमच्याशी सगळा व्यवहार मराठीतच होतो, तेव्हा तक्रारही मराठीतच.

आमच्याकडे अठ्ठावीस खुर्च्या आहेत आणि पाटी ब्राझिलच्या घरगुती जेवणाची आहे. दुपारी भात, बीन्स, फारोफा (लोण्यात परतलेलं कसाव्याचं जाडसर पीठ), एखादं मांस आणि कोशिंबिरीसारखं काही असं भरलेलं ताट, शनिवारी फेजोआदा (काळे बीन्स आणि खारवलेल्या मांसाचा रस्सा) आणि दिवसभर पाओ दे केजो (चीज घातलेले छोटे गोल पाव). जेवायला येणारे निम्म्याहून जास्त लोक ब्राझिलचेच. त्यांना चव शिकवावी लागत नाही आणि त्यांच्यापुढे ती लपवताही येत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पोल्व्हिल्यो अझेदोची, म्हणजे कसावा या कंदाच्या आंबवलेल्या स्टार्चची. ऑर्डरमध्ये एक किलोची वीस पाकिटं लिहिली होती. आली ती ‘टॅपिओका स्टार्च’ असं लेबल लावलेली साध्या प्लास्टिकची पाकिटं. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “टॅपिओका म्हणजे टॅपिओकाच ना, साबुदाण्याचंच पीठ.” कंद एकच, हे खरं. साबुदाणाही कसाव्याच्याच स्टार्चचा आणि कसावा मुळात दक्षिण अमेरिकेचाच. पण थालीपिठाची भाजणी मागितल्यावर कोणी ज्वारीचं पीठ पाठवलं आणि वर ‘ज्वारी असतेच की त्यात’ म्हणालं, तर तुमच्या घरी ते चालेल का?

‘अझेदो’ म्हणजे आंबट. कसाव्याचं स्टार्च काढल्यावर ते पाण्याखाली टाक्यांत काही आठवडे आंबवतात आणि मग उघड्यावर उन्हात वाळवतात. कुरडयांसाठी गहू भिजवून, आंबवून चीक काढतात ते डोळ्यांसमोर आणा. इथे मात्र आंबवणं स्टार्च काढल्यानंतर होतं आणि कितीतरी जास्त दिवस चालतं. ऊन इथे फक्त ओल घालवण्यासाठी नसतं. आंबवताना तयार झालेलं लॅक्टिक आम्ल आणि उन्हातले अतिनील किरण मिळून स्टार्चची घडणच बदलतात, म्हणून ते भट्टीत फुगतं. तेच आंबवलेलं स्टार्च यंत्रात गरम हवेवर वाळवलं तर तसं फुगत नाही. न आंबवलेल्या स्टार्चला तिकडे ‘दोसे’, म्हणजे गोड, म्हणतात. तुम्ही पाठवलं ते हे.

पाओ दे केजोत (यातला पाओ म्हणजे आपला पावच, फक्त गव्हाशिवायचा) यीस्ट नसतं, बेकिंग पावडर नसते. आमचं प्रमाण असं: पोल्व्हिल्यो एक किलो, दूध ५०० मिली, तेल २०० मिली, मीठ २० ग्रॅम, अंडी सहा, किसलेलं चीज ६०० ग्रॅम. दूध, तेल आणि मीठ उकळून पिठावर ओतायचं, उकडीसारखं ढवळायचं, कोमट झाल्यावर अंडी एकेक करून मळायची आणि शेवटी चीज. तीस ग्रॅमचे गोळे, १९० अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटं. एका घाण्यात पंच्याऐंशीच्या आसपास निघतात. फुगण्याचं सगळं काम पिठाचं आहे. तुमच्या पिठाचा गोळा हाताला चिकटत राहिला, भट्टीत बसला आणि बाहेर आला तेव्हा खाली टणक, आत कच्च्या उकडीसारखा चिकट. दूध शंभर मिलीने कमी करून पाहिलं. गोळा वळता आला, पण आतली पोकळी आलीच नाही.

तुमच्याकडून सुचवलेली बेकिंग पावडरही घालून पाहिली. फुगला, पण केकसारखा. चावल्यावर जो ताण जाणवतो तो गेला आणि मागे साबणासारखी चव राहिली. ‘दोसे’चा पाओ दे केजो कोणी करतच नाही असं आमचं म्हणणं नाही. दोन्ही पिठं मिसळूनही करतात. पण ते करणाऱ्याने ठरवायचं असतं, गोदामाने नाही. आणि पोल्व्हिल्योच्या बिस्किटांत, म्हणजे त्या पोकळ कुरकुरीत कड्यांत, पर्याय म्हणून ‘दोसे’ला जागाच नाही.

आमचा शब्द पुरत नसेल तर गोदामात हे करून बघा. पन्नास ग्रॅम पिठात चाळीस मिली उकळतं पाणी घाला, मळा, छोटे गोळे करा आणि दोनशे अंशांवर पंचवीस मिनिटं भाजा. आम्ही जुन्या साठ्यातल्या शेवटच्या पाकिटाचे आणि तुमच्या पिठाचे गोळे एकाच ट्रेमध्ये ठेवले होते. जुन्याचे फुगून हलके झाले, फोडल्यावर आत पोकळ. तुमच्या पिठाचे खडे झाले. पीएचची पट्टी पाण्यात कालवलेल्या पिठात बुडवली तर जुन्याला चारच्या जवळ, तुमच्याला सहाच्या जवळ. पट्टी नसेल तर पाकीट उघडून नुसता वास घ्या. अझेदोला आंबूस वास येतो, तुमच्या पिठाला काहीच येत नाही.

याच पाकिटांची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. त्यांवर ना उत्पादकाचं नाव, ना लॉट क्रमांक, ना वापरण्याची मुदत. म्हणजे मोठ्या गोणीतून ती तुमच्याकडेच भरली गेली. त्याच गोदामात चपातीचं पीठही सुटं करून भरलं जातं, हे तुमच्याच प्रतिनिधीने बोलता बोलता सांगितलं. कसाव्यात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, पण त्याच टेबलावर, त्याच मापाने गव्हाचं पीठ भरलं जात असेल तर पाकिटात काय गेलं हे कोण सांगणार? इथे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. सिलिअॅकचा आजार असलेली, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारी माणसं आमच्याकडे केवळ पाओ दे केजोसाठी येतात. मंगळवारपासून आम्ही मेन्यूवरचं ते चिन्ह खोडून ठेवलं आहे.

दुसरी वस्तू फारिन्या, म्हणजे भाजलेलं कसाव्याचं जाडसर पीठ. दहा किलो मागवलं, आली पश्चिम आफ्रिकेची गारी. दोन्ही किसून, पिळून, भाजून करतात, त्यामुळे पाकिटात बघून फसायला होतं. पण गारी किसल्यावर काही दिवस आंबवलेली असते. फारोफासाठी लोण्यात कांदा परतून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं फारिन्या परततो, तिला खमंग वास यावा लागतो. गारीला आंबट वास आला आणि दाणा दाताखाली कचकचला. वर फेजोआदाचा रस्सा पडला की ती फुगून उपम्यासारखी होते. पातळ पोह्यांच्या चिवड्याला जाडे पोहे वापरल्यासारखं झालं. परदेशात अडल्यावर गारीवर भागवणारे ब्राझिलियन आहेत, पण ते जाणून घेतात.

तिसरं, देंदे. इथे आम्ही अडून बसणार नाही. ब्राझिलमधल्या बाहिया प्रांताच्या मोकेकाला, म्हणजे माशांच्या रश्श्याला, लागणारं हे लाल तेल ज्या ताडाचं, तो ताड आफ्रिकेतूनच ब्राझिलला गेला. तेव्हा घानाचं किंवा नायजेरियाचं लाल तेल आम्हाला चालतं, फक्त सोबत तपासणीचा कागद हवा, कारण लाल पामतेलात सुदान या खाण्यात न चालणाऱ्या कृत्रिम रंगाची भेसळ सापडलेली आहे. तुम्ही मात्र शुद्ध केलेलं, रंग आणि वास काढून टाकलेलं पांढरट पामतेल पाठवलं. डालड्यात मोकेका करा म्हणण्यासारखं आहे हे.

चौथे काळे बीन्स. वस्तू बरोबर आहे (निदान काळे उडीद तरी आले नाहीत), पण माल जुना आहे. बारा तास भिजवून, अडीच तास शिजवूनही साल कडक आणि मध्ये खडा. उबेत, दमट जागी फार दिवस राहिलेल्या बीन्सचं असंच होतं, मग कितीही शिजवा. फेजोआदाचा रस्सा दाट होतो तो फुटलेल्या बीन्समुळे, त्यात पीठ लावत नाहीत. शनिवारी रस्सा पाण्यासारखा राहिला. आदल्या दिवसापासून पाणी बदलत खारवलेल्या मांसाचं मीठ काढलेलं, तेही त्यातच गेलं.

आता आमचं म्हणणं. पिठाची चौदा पाकिटं न उघडलेली आहेत, ती परत न्या आणि पैसे वीसही पाकिटांचे द्या, कारण उघडलेली सहा तपासण्यात आणि वाया गेलेल्या घाण्यांत संपली. गारी आणि तेल जवळजवळ जसंच्या तसं आहे, तेही परत न्यावं. बीन्सचं पोतं बदलून द्या आणि नव्या पोत्यावर पीक कोणत्या वर्षीचं ते लिहिलेलं असू द्या. खऱ्या पोल्व्हिल्यो अझेदोचा साठा तुमच्याकडे नसेल तर तसं कळवा, आम्ही दुसरीकडून घेऊ, त्याचा राग नाही. उत्पादकाच्या मूळ बंद पाकिटाशिवाय ते यापुढे घेतलं जाणार नाही. आणि ऑर्डरमधली कुठलीही वस्तू बदलायची असेल तर गाडी निघण्याआधी फोन करावा.

येत्या शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर आणि क्रेडिट नोट मिळावी. माल न्यायला गाडी दुपारी तीननंतर पाठवा. बारा ते तीन मागचं दार उघडायला कोणी मोकळं नसतं. सगळा माल वेगळा काढून, प्रत्येक खोक्यावर वजन लिहून ठेवला आहे.

कळावे,

आपले ग्राहक,
स्वयंपाकघर व खरेदी

सोबत: बिलाची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, एकाच ट्रेमधल्या दोन्ही पिठांच्या गोळ्यांचा फोटो