बसऱ्याच्या पेन्शनीचा नंबर

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

माझे पणजोबा पाटण तालुक्यातून ‘बसऱ्याच्या लढाई’ला, म्हणजे पहिल्या महायुद्धात इराककडे गेले, ते परतलेच नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही. आहे ते पणजीचं पेन्शनीचं पुस्तक, पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं. पानोपानी तिच्या अंगठ्याचे ठसे. वाळवीनं नेमका नंबराचाच कोपरा खाल्ला.

सैन्याच्या एका अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: सैनिक क्रमांक कळवावा. अहो, तोच तर मी विचारतोय!

नुसत्या नावावर शोधणं अवघड, हे मलाही कळतं. एका पलटणीत एकाच नावाचे चार-पाच शिपाई सहज निघतील. त्यात १९२२ साली पलटणींचे नंबरच बदलले. आमच्या घरात जिचं नाव निघतं ती ‘एकशेदहा नंबर’ पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. इराकमधल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला आत अडकलेल्या इंग्रजी फौजेची शरणागती झाली. पणजोबा वेढ्यात वारले की पुढे कैदेत? आमच्याकडे दोन्ही सांगतात. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा. म्हणून मी पणजीच्या पेन्शनीचे कागद धरून बसलोय. नवरा कोण, कुठल्या गावचा, कधी गेला, हे विचारल्याशिवाय सरकारनं तिला पैसे थोडेच दिले असतील?

लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या सुमारे ३,२०,००० शिपायांच्या नोंदी पडून होत्या. त्यातल्या काही जिल्ह्यांच्या २०२१ पासून संगणकावर शोधता येतात, तेही गावाच्या नावानं. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या माणसांना हे का मिळू नये?

१९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार २५ वर्षांहून जुन्या कागदांची छाननी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्यानं व्हायची असते. १९४७पूर्वीची जी पेन्शन रजिस्टरं आज शिल्लक आहेत, ती त्या छाननीत रद्दीत जाऊ देऊ नका. स्कॅन करा आणि गाववार यादी लावा. पैशाच्या रकमा झाका हवं तर, आम्हाला त्यांच्याशी कर्तव्य नाही. सुरुवातीला एकच तालुका घ्या. कुठला, ते मी सांगायला नको.

सोबत पुस्तकाच्या उरलेल्या पानांची झेरॉक्स जोडली आहे. कोपरा खाल्लेलं पानही आहे.

आपला,
पाटण तालुक्यातला एक पणतू