घळीची ती रेघ अजून यंत्रात आहे

नाशिक, शनिवार रात्र

प्रिय मंदे,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर नाही, संक्रांतीच्या निरोपालाही नाही. त्यावरचं भांडण भेटल्यावर करू, तोवर जपून ठेव. आज लिहायचं कारण तातडीचं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

ग्रुपचा इट्रेक्स २०, तेच गार्मिनचं हातातलं जीपीएस यंत्र, मंगळवारी माझ्याकडे परत आला. सेल घातले, नकाशा उघडला, कर्सर सरकवत त्या डोंगरापाशी नेला. घळीतून वर जाणारी तुटक रेघ, म्हणजे पायवाटेची खूण, अजून तिथेच आहे. तीच, जिच्यावरून तू आणि मी सबंध परतीच्या एसटीत बोललो नव्हतो. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून बनवलेल्या त्या मोफत मूळ नकाशावर, ती रेघ आपण कधीच काढून टाकली, शेजारी टीपही ठेवली, म्हणजे उपग्रहाचं चित्र बघून कोणी पुन्हा ओढू नये. तिथे काम चोख झालं. पण यंत्रात बसलेली फाइल म्हणजे त्या दिवशीची छापील प्रत. मूळ नकाशा शंभरदा सुधारला तरी कार्डावरची प्रत स्वतःहून बदलत नाही. आणि तुझ्याकडच्या इट्रेक्समध्ये याच कार्डाची नक्कल आहे, एकाच संध्याकाळी भरलेली. गाडीत रस्ता दाखवणाऱ्या गार्मिनच्या नुवी यंत्रामध्येही तीच.

तू पुढच्या महिन्यात कॉलेजची तीस पोरं घेऊन तिकडेच येणार, असं कळलं. भर पावसात, कमरेएवढ्या गवतात. पुढे चालणाऱ्या पोराच्या हातात ते यंत्र असेल आणि रेघ दिसली की तो वळेल. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते. कंटाळा आला तरी वाच.

आधी कार्ड. सेल काढलेस की खाली मायक्रोएसडीची खाच दिसते. कार्ड काढून रीडरमध्ये घाल आणि त्यावरचं सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवून ठेव. मग यंत्र केबलने जोडून त्याच्या गार्मिन फोल्डरमधलं जीपीएक्स फोल्डरही उतरव. आपले सगळे वेपॉइंट, म्हणजे खूण केलेल्या जागा, आणि चाललेल्या वाटांचे जुने ट्रॅक तिथे आहेत. नवं कार्ड घेणार असशील तर ८ किंवा १६ जीबीचं पुष्कळ झालं. ३२ च्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, ती आपली जुनी यंत्रं वाचत नाहीत. फॅट३२ हवं. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणून अख्ख्या आशियाचा नकाशा घेण्याचा मोह नको.

नकाशा कुठून घ्यायचा? सगळ्यात सोपी बीबीबाईक ही वेबसाइट. पडद्यावर चौकट ओढायची. जालन्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आणि वर साल्हेरपर्यंत घे. प्रकारात गार्मिन निवड आणि अक्षरांसाठी लॅटिन-१, म्हणजे नावं इंग्रजी अक्षरांत. युनिकोड घेऊ नकोस. आपल्या यंत्रांत देवनागरीचा फाँटच नाही, नावांच्या जागी रिकाम्या जागा किंवा चौकोन दिसतात, आणि काही नव्या यंत्रांत तर युनिकोडचा नकाशा ओळख पटत नाही म्हणून नाकारला जातो. थोड्या वेळाने मेलवर दुवा येतो. ती झिप फाइल असते, ती उघडावी लागते. झिपच कार्डावर टाकून 'नकाशा दिसत नाही' म्हणणारे मी चार तरी पाहिलेत. आत जीमॅपसप डॉट आयएमजी नावाची फाइल सापडेल. कार्डावर गार्मिन नावाचं फोल्डर कर आणि फाइल थेट त्यात ठेव, आणखी आतल्या फोल्डरमध्ये नको.

नाव बदलायचं असेल तर आधी विंडोजमध्ये फाइलींची शेपटं, म्हणजे नावातली डॉटनंतरची अक्षरं, दिसू देत. नाहीतर आयएमजीवर दुसरं आयएमजी चिकटतं, यंत्राला फाइल ओळखू येत नाही आणि आपण केबलला शिव्या देतो. इट्रेक्स २० ला कोणतंही नाव चालतं, म्हणून मी नावातच महिना आणि साल घालते. तुझ्या भावाकडच्या जुन्या इट्रेक्स लेजंडला मात्र जीमॅपसप हेच नाव लागतं, दुसरं चालत नाही.

नकाशा यंत्राच्या पोटात न टाकता कार्डावरच ठेव, हा माझा हट्ट समज. फाइल अर्धवट उतरली किंवा बिघडलेली असली तर यंत्र सुरू होताना नकाशे वाचायच्या पायरीवर अडकून बसतं. कार्ड काढलं की ते मुकाट चालू होतं. पोटातली फाइल बिघडली तर तीच गोष्ट डोकेदुखी होते. शिवाय या यंत्राच्या यूएसबीतून मोठी फाइल फार सावकाश जाते, रीडरने काम पटकन होतं. काढताना 'सुरक्षित काढा' केल्याशिवाय कार्ड ओढू नकोस. अर्धवट फाइली बहुतेक तिथेच जन्मतात.

नुवीचं थोडं वेगळं. तिच्या पोटात कंपनीचे नकाशे असतात, एकाचं नाव जीमॅपप्रॉम, दुसऱ्याचं जीमॅपबीमॅप. त्यांना हात लावू नकोस, पुसले तर परत मिळवणं कठीण. आपला नकाशा कार्डावर, तशाच गार्मिन फोल्डरमध्ये. मग सेटिंगमध्ये मायमॅप्समध्ये जाऊन जुन्याची खूण काढ, नव्याची लाव. दोन्ही चालू ठेवलेस तर रस्ते दुहेरी दिसतात आणि यंत्र कोणत्या नकाशावरून वाट काढतंय ते समजत नाही. इट्रेक्सवर हेच सेटअप, मॅप, मॅप इन्फर्मेशन या वाटेने.

नवा नकाशा खरंच नवा आहे का, हे ओळखायची आपल्या भागात फार छान सोय झाली आहे: समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा पट्टा जून २०२५ मध्ये. जालन्याहून आमणेपर्यंत मार्ग मागून बघ. यंत्र तुला ज्या गावापाशी समृद्धीवरून खाली उतरवेल, तिथे नकाशाचं वय लिहिलेलं आहे. जुन्या कार्डावर तर समृद्धीवरून जाताना गाडी सरळ शेतातून धावताना दिसेल. नुसती रेघ दिसली म्हणून खूश होऊ नकोस. बांधकाम चालू असलेला रस्ताही नकाशात असू शकतो. यंत्र त्यावरून नेतं का, तेच पाहायचं. आणि नाशिक शहरात कुंभमेळ्यासाठी जागोजागी रस्त्यांची कामं चालू आहेत, तेव्हा इथे येण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा ताजी फाइल घे.

पत्त्यावरून शोध चालेल अशी आशा धरू नकोस. आपल्याकडे घरक्रमांक नकाशात जवळजवळ नाहीतच. आकड्यांवरून जा, आणि इथे तुझं-माझं ते फोनवरचं भांडण आठव. नाशिक १९.९९७५ असं अंशांत लिहितात, किंवा १९ अंश ५९.८५ मिनिटं असं. जागा एकच. पण १९ अंश ५९.८५ हे कुणी १९.५९८५ असं टाकलं तर यंत्र तुला दक्षिणेला ४४ किलोमीटरवर नेऊन उभं करेल. पोरांना आकडे देताना कोणत्या पद्धतीचे ते तोंडाने सांग, आणि सगळ्यांच्या यंत्रांत पोझिशन फॉरमॅट सारखाच लाव.

आता डोंगरातली सेटिंगं. 'लॉक ऑन रोड' बंद. ते चालू असलं की तू वाटेपासून जरा बाजूला असलीस तरी यंत्र तुला जवळच्या रस्त्यावर चिकटवून दाखवतं, आणि धुक्यात तीच फसवणूक महागात पडते. मार्गाची पद्धत सरळ रेषेची ठेव, गाडीची नको. नकाशाचा तपशील 'मोअर'वर, नाहीतर पायवाटा अगदी जवळ गेल्याशिवाय उमटत नाहीत. सेलचा प्रकार बरोबर निवड. रिचार्जचे सेल घालून अल्कलाइन ठेवलंस तर बॅटरीची खूण खोटं बोलते. आणि नकाशा उत्तर वर ठेवूनच वापरायचा. हो, मंदे, अजूनही. तू चालीच्या दिशेने फिरवत बस, मी उत्तरेलाच. बारा वर्षांत तू मला पटवू शकली नाहीस, मी तुला नाही, आणि तरी दोघी दर वेळी एकाच चहाच्या टपरीवर पोचलो!

खरी काळजी मात्र पुढची आहे, ती कोणतीही नवी फाइल पूर्ण मिटवत नाही. गार्मिनसाठी बनवलेल्या साध्या नकाशात गाववाट, ढोरवाट आणि कातळावर चढणारी वाट, तिन्ही एकाच तुटक रेघेने येतात. मूळ नकाशात वाट किती अवघड, किती स्पष्ट दिसते, हे नोंदवायची सोय आहे. पण ती माहिती बहुतेक ठिकाणी भरलेलीच नाही, आणि भरली तरी यंत्रावर उमटत नाही. हरिहर किल्ल्याच्या कोरीव उभ्या पायऱ्या आणि गावातून देवळाकडे जाणारी वाट पडद्यावर सख्ख्या बहिणी दिसतील.

कंटूरचं, म्हणजे समान उंचीच्या रेषांचंही तसंच. मोफत नकाशांतले कंटूर बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून घेतलेल्या रडारच्या मोजणीवरून काढलेले असतात. त्यातला सगळ्यात बारीक आकडा साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक. आपला सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा, काळ्या थरांचा. वीस-पंचवीस मीटरचा सरळ तुटलेला कडा दोन चौकोनांच्या मध्ये विरघळतो आणि नकाशावर नुसता चढ म्हणून दिसतो. घळीतला तो टप्पा आठव, जिथे तू दोर मागितलास आणि मी 'लागत नाही' म्हणाले. कंटूरवर तिथे काहीच नाही. दोर लागत होता, तुझंच बरोबर होतं. हे लिहून द्यायला मला इतकी वर्षं लागली.

म्हणून पोरांना रेघेवर सोडू नकोस. तू स्वतः चाललेला ट्रॅक जीपीएक्स म्हणून यंत्रात घाल, त्याला ठळक रंग दे आणि सांग, की या रंगाच्या बाहेर पाय नाही. ज्यांच्याकडे फोनवर ऑसमँड हे नकाशाचं अ‍ॅप आहे त्यांनाही महाराष्ट्राचा नकाशा अपडेट करायला लाव. तिथेही एकदा उतरवलेली प्रत जुनीच राहते.

तुला स्वतः नकाशा बनवायचा असेल, आणि मला ठाऊक आहे तुला हात लावल्याशिवाय राहवणार नाही, तर जिओफॅब्रिक या वेबसाइटवरून ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा पश्चिम विभाग घे, तो रोज ताजा होतो. संगणकावर जावा हवं. आधी स्प्लिटर, तो माहितीचे तुकडे करतो, मग एमकेजीमॅप, तो त्यांचा गार्मिनचा नकाशा बनवतो. स्प्लिटरमध्ये एका तुकड्यात १६ लाख नोडची, म्हणजे नकाशातल्या बिंदूंची, मर्यादा आधीच ठरलेली असते. पुढे जागा पुरत नाही अशी तक्रार आली तर ती १२ लाखांवर आण. एमकेजीमॅपला रूट, इंडेक्स, जीमॅपसप आणि लॅटिन-१ हे चारही पर्याय दे. रूट विसरलीस तर नकाशा सुंदर दिसेल पण वाट काढणार नाही. नावांसाठी आधी इंग्रजी, नसेल तर मूळ नाव असा क्रम लाव. आणि फॅमिली आयडी, म्हणजे नकाशाचा ओळखक्रमांक, बदल. ठरलेला ६३२४ असतो. असे दोन नकाशे एका यंत्रात आले की एकमेकांत मिसळून भलतंच काही दिसतं. नावात तारीख घाल, म्हणजे ती मॅप इन्फर्मेशनच्या यादीतच दिसेल.

वाट मध्येच तुटलेली वाटली तर यंत्राला दोष देण्याआधी मूळ नकाशा बघ. बऱ्याचदा पायवाटेचं टोक रस्त्याच्या दोन मीटर अलीकडे थांबलेलं असतं. डोळ्याला जोडलेलं दिसतं, पण दोघांत सामाईक बिंदू नसला की यंत्राच्या लेखी तिथे दरीच आहे. जोडून टाक, दोन दिवसांनी पुन्हा फाइल उतरव.

तब्येत माझी बरी. पाठ अधूनमधून कुरकुरते, बाकी ठीक. तुझी बदली टळली हे ऐकून बरं वाटलं. आईंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव, आणि धाकटीला दहावीबद्दल शाबासकी, तिच्यासाठी चिवडा बांधून ठेवला आहे.

नवं कार्ड घातलंस की घळीपाशी नकाशा नेऊन पडद्याचा फोटो मला पाठव. तिथे रेघ नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. जुनं कार्ड कुणाला देऊ नकोस, फॉरमॅट करून टाक.

तुझी,
शकू

ता. क. – केबलने जोडल्यावर यंत्र नुसतं उजळलं आणि संगणकावर दिसलंच नाही, तर ती केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. कॅमेऱ्याबरोबर आलेली जाड मिनी यूएसबी तुझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. मीच ठेवली होती.