कुत्रं आणायच्या आधी हे वाच

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर अर्धंच बोलणं झालं, रेंज तुटत होती आणि मागनं चिऊचा दंगा, म्हणून आता टाईप करूनच पाठवतो. लांबलंय थोडं, चहा घेऊन निवांत वाच. रोहितरावांना हस्की घ्यायचंय, चिऊला कुठलंही चालेल पण आजच पाहिजे, आणि तू मला म्हणतीस की पप्पा तुमचा जन्म जनावरांच्या दवाखान्यात गेला, तुम्ही सांगा. सांगतो, पण मग ऐकायचं हां, ऐकून झाल्यावर "तरी पण पप्पा" नाही करायचं.

आधी हस्कीचं मिटवू. दिसायला देखणं आहे, डोळे निळे, फोटो झकास येतात, सगळं मान्य. पण ते सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरनं घसरगाडी ओढायला तयार केलेलं कुत्रं आहे, अंगावर केसांचे दोन थर, आत दाट बारीक लोकर आणि वर लांब केस, आणि कुत्र्याला आपल्यागत अंगभर घाम फुटत नाही, जीभ काढून धापा टाकूनच ते अंग थंड करतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळीसला टेकतो तेव्हा त्याच्या जिवाचं काय होत असेल? रोहितराव म्हणतील एसी लावू. लावा की, पण लाईट गेली मग? आणि ऊन एकवेळ बाजूला ठेव, त्या कुत्र्याच्या रक्तात मैलोन्‌मैल पळणं आहे, त्याला टू बीएचकेमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकटं कोंडलं तर ते सोफा फाडणार, दार खरवडणार, हेल काढून ओरडणार आणि शेजारचे ग्रुपवर तुमच्या नावानं मेसेज टाकणार. मग लोक म्हणतात कुत्रं वाईट निघालं. कुत्रं वाईट नसतं गं, त्याला काम नसतं.

चपट्या नाकाच्या पगचं पण तसंच. वीसेक वर्षांपूर्वी एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत दिसलं आणि ज्याला त्याला तेच पाहिजे झालं. नाक चपटं म्हणजे श्वासाची वाट अरुंद, जरा ऊन लागलं की घोरायला लागतं, जास्त झालं तर उष्माघातानं जातं. माणसाच्या हौसेपायी त्याचं नाक गेलं, दुसरं काय.

तू लहानपणापासून वस्तीवर बघितलंयस, आपल्याकडं कुठलंच जनावर नुसतं बघायला ठेवलेलं नव्हतं. मोत्या रात्रभर गोठ्याभोवती फिरायचा, त्याच्या भुंकण्यावरनं आजीला कळायचं की रस्त्यानं माणूस चाललाय का उसातनं काहीतरी आलंय, माणसाला तो तुटक भुंकायचा आणि जनावराला मागं सरत सरत सलग. मांजर होतं ते कोठीतल्या बाजरीसाठी, उंदीर झाले की धान्य जातंच पण त्या उंदरांमागं साप घरात येतो, म्हणून आजी मांजराला भाकरी कमी आणि मान जास्त द्यायची. दिवसा दोघं झोपायची, तेव्हा त्यांच्याकडं कुणी बघायचं पण नाही.

आणि ते धनगर आठवतात का, दिवाळीनंतर रानात मेंढ्या बसवायला यायचे, घोड्यावर संसार, कोंबड्या, पोरंबाळं आणि चार-पाच कुत्री. त्या कुत्र्यांना कुणी सीट-स्टँड नाही शिकवलं. पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांतच वाढतं, कोकरांच्या अंगावर झोपतं, त्यामुळं मोठं झालं की कळप हेच त्याचं घर, लांडगा आला तर ते मेंढीसाठी नाही, स्वतःच्या घरच्यांसाठी अंगावर जातं. पिल्लाचे पहिले तीन महिने असे असतात बघ, त्या वयात जे बघेल ते आपलं आणि जे नाही बघितलं त्याची भीती. शहरात लोक पिल्लू आणतात आणि चार महिने घरातच ठेवतात, मग ते मोठं होऊन रिक्षाला घाबरतं, हेल्मेटवाल्याला घाबरतं, लहान पोरांवर गुरगुरतं. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही हे खरं, पण कडेवर घेऊन फिरवायला कुणी अडवलंय?

इकडं जुन्नरला आता दिवस बदललेत. बिबटे एवढे झालेत उसात की कुत्रं बाहेर साखळीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला जेवणाचं ताट वाढून ठेवणं. लोकांना वाटतं बिबट्याला शेळी आवडते, शेळी पण नेतो, पण शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी त्याची विष्ठा तपासली तर त्यात सगळ्यात जास्त कुत्रंच निघालं. साखळीचं कुत्रं बिचारं पळू पण शकत नाही. म्हणून मी इथं ज्याला त्याला सांगतो की रात्री कुत्रं गोठ्याच्या जाळीच्या आत घ्या, तिथनं भुंकलं तरी त्याचं काम होतं. कुत्र्यांच्या गळ्यात घालायचे खिळ्यांचे पट्टे आता माणसांवर आलेत, शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बाया गळ्यात पट्टा घालून शेतात जाताना तू टीव्हीवर बघितल्याच असतील. तुझ्या आईला पण एक करून आणला होता, म्हणाली मी काय मोत्या आहे का, आणि नेऊन ठेवला कपाटावर.

असो, तुझ्या घराकडं येतो. तुम्ही दोघं नोकरीला, चिऊ दुपारपर्यंत शाळेत मग पाळणाघरात, घर दिवसभर बंद. अशा घरात कुत्रं नको असं माझं स्पष्ट मत आहे. हस्की नको, लॅब नको आणि गावठी पण नको. गावठी कुत्र्याचा मी किती भक्त आहे तुला माहितीय, आपल्या हवेत मुरलेलं, काटक, तब्येतीच्या तक्रारी कमी, जावईबापूंनी ब्रीडरला पन्नास हजार देण्यापेक्षा कधीही चांगलं. पण त्याला पण माणूस लागतो. कुत्रं हे टोळीतलं जनावर, टोळी सकाळी कुलूप लावून निघून गेली की ते दाराकडं तोंड करून बसतं. तुमच्यापैकी एकजण कायमचं वर्क फ्रॉम होम झालं तर परत विचार, मी स्वतः पिल्लू घेऊन येईन.

आणि तुमच्या गेटवर ते काळं कुत्रं आहे ना, चिऊ ज्याला बिस्किटं टाकते, त्याचा कान बघितलास का कधी? टोकाला खाच आहे, मी मागच्या वेळेला आलो तेव्हा बघितलं. म्हणजे त्याची नसबंदी झालीय, ऑपरेशन करताना भूल असते तेव्हाच ती खूण करतात आणि रेबीजची लस पण देतात. तेच चिऊचं कुत्रं समज. त्याला काम आहे, वॉचमनकाकांबरोबर रात्रपाळी करतंय, बाहेरची कुत्री आत येऊ देत नाही. त्याला फक्त बिस्किटं बंद करा, साखर आणि मैदा त्याच्या काही कामाचा नाही, भाताबरोबर अंडं नाहीतर चिकनचे तुकडे बिनमसाल्याचे उकडून द्या. आणि खाणं जिन्यात नाही, लिफ्टसमोर तर नाहीच, सोसायटीनं एक कोपरा ठरवून द्यायचा तिथंच आणि ठरल्या वेळेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं की खाऊ घालायच्या जागा ठरवा. त्या देशमुखबाईंना कुत्र्याची भीती वाटते तर त्यांची भीती पण खरीच धरायची, प्राणीप्रेम म्हणजे शेजाऱ्याशी भांडण नव्हे. वर्षातनं एकदा त्याला रेबीजचा डोस मात्र आठवणीनं द्या, खर्च फार नाही, सोसायटीत वर्गणी काढली तर चहाच्या पैशात होतं.

घरात मांजर आणा. हे माझं उत्तर. मांजर दिवसातले बारा-पंधरा तास झोपतंच, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला ऊत येतो, म्हणजे नेमकं तुम्ही घरी असता तेव्हा. एकापेक्षा दोन पिल्लं आणलीत एकाच वेतातली तर अजून बरं, एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि पडद्याला लोंबकळणं कमी होतं, म्हणजे होतंच पण कमी.

फक्त दूध नको. हे ऐकून तुझी आई माझ्याकडं असं बघते जसं काय मी धर्म सोडला, पण मोठ्या मांजराला दूध पचत नाही, बऱ्याच जणांना जुलाब होतात, त्याला पाणी पाहिजे. आणि ते पक्कं मांसाहारी जनावर आहे, त्याला टॉरीन नावाचा घटक मांसातनंच मिळावा लागतो, तो नाही मिळाला तर डोळे आणि हृदय दोन्ही जातं. त्यामुळं तुमच्या घरात श्रावण पाळत असलात तरी त्याचा श्रावण नाही, हे जावईबापूंच्या आईंना आधीच सांगून ठेव म्हणजे नंतर वाद नको.

आता औषधाचं, हे चिऊला नाही पण तुम्हाला दोघांना पाठ पाहिजे. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही, एक गोळी पण जीव घेते, त्याच्या लिव्हरला ती फोडताच येत नाही. कुत्र्याच्या गोचिडावर मानेवर टाकायचं औषध मिळतं, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रीन असतं, ते मांजराला लावलं तर झटके येतात, दवाखान्यात अशी मांजरं आलेली बघितलीत मी, मालक म्हणायचे पिसवा होत्या म्हणून थोडंसंच लावलं. लिलीची फुलं बुक्यात येतात ना हल्ली, ती मांजर असलेल्या घरात अजिबात नको, परागकण चाटले तरी किडनी जाते. आणि गेटवरच्या काळ्याला इकडनं नेलेली द्राक्षं कुणी देऊ नका, मनुके पण नाहीत, कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. कांदा-लसूण दोघांनाही नको, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे आपलं उरलेलं कालवण बाद. गंमत बघ, आपल्या जुन्नरच्या रानात पिकतंय काय तर कांदा आणि द्राक्षं.

गॅलरीला जाळी लाव. कबुतराची ती नायलॉनची पातळ जाळी असेल तर चालणार नाही, मांजर नखानं फाडतं, तारेची घट्ट पाहिजे. मांजर उंचावरनं पडलं तरी पायावर पडतं म्हणतात, सातव्या मजल्यावरनं पडून बघायचंय का कुणाला.

लसीचं कार्ड पहिल्या दिवसापासून ठेवायचं. आठ आठवड्यांच्या आसपास पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, तीन महिन्याला रेबीज, पुढचं तिथला डॉक्टर सांगेल. नसबंदी पाच-सहा महिन्याला उरकून टाक, "एकदा पिल्लं होऊ देत" हे कुणी कितीही सांगितलं तरी ऐकू नको, मांजर सहा महिन्याचं व्हायच्या आत गाभण राहू शकतं आणि दोन महिन्यात घरात चार पिल्लं, ती वाटत कुठं फिरणार तू? सोसायटीवाले काही बोलले तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाईडलाईन दाखव, पाळीव जनावरावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण दाखवताना आवाज चढवू नको, तुझा चढतो.

चिऊला शिकवायचं ते एवढंच, खाताना हात लावायचा नाही, झोपेतनं उठवायचं नाही, शेपटी ओढायची नाही. कुत्र्याची शेपटी हलती म्हणजे खूशच आहे असं नसतं, अंग ताठ, कान मागं आणि शेपटी वर उभी हलत असली तर लांब राहायचं. मांजराची शेपटी आपटायला लागली म्हणजे आता पुरे.

आणि चावलं किंवा ओरबाडलं, काळ्यानं असो नाहीतर घरच्या मांजरानं, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच नाही, इकडं अजून लोक तिखट भरतात. मग त्याच दिवशी दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच गेली, आता दंडात घेतलं तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते चार वेळा. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरम पण भरावं लागतं, ते डॉक्टरला आपण होऊन विचारायचं. चावलेलं जनावर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चिंता मिटली, पण दहा दिवस वाट बघून मग लस घेऊ असं करायचं नाही, लस आज. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग जगात कुठंच इलाज नाही, मी नोकरीत हे बघितलंय आणि त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

बाकी इकडं ठीक. कांदा अजून चाळीत आहे, भाव बघून काढू. पिल्लांसाठी पेट शॉपला जाऊ नका, आत्याच्या वस्तीवर मांजर व्यालंय, पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, अजून महिनाभर आईपाशी राहू देत, तोवर ती उकरून घाण झाकायला पण शिकतात. येताना पिंजरा आणा, पिशवीत घालून एसटीनं न्यायचे दिवस गेले, गाडीत सुटलं तर रोहितरावांच्या पायाखाली ब्रेकपाशी जाऊन बसेल. दोन ठेवायला सांगितलीत, एक करडं आणि एक तिरंगी. तिरंगीसाठी चिऊनं "शेरखान" ठरवलंय असं आई म्हणत होती, तर तिला सांग की तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असतं, बोका तीनेक हजारांत एखादा, तेव्हा दुसरं काहीतरी शोध म्हणावं. शेरखान करड्याला दे, तो बोका आहे, मी उचलून बघितलंय.

तुझे पप्पा