तात्यांची वही

पुणे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत माळा आवरताना तात्यांची वही मी पिशवीत टाकली होती, ती परवा रात्री उघडली. "हिशेबाच्या माणसाचा हिशेब, त्यात वाचण्यासारखं काय असणार," असं बाबा, तुम्ही म्हणाला होतात. आहे, बरंच आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईकडे देता.

ही वही एसटीची नाही बरं का. एसटीचं त्यांनी घरात काही ठेवलंच नव्हतं. रिटायर झाले त्या दिवशी पेटी, चिमटा, पैशांची कातडी पिशवी, सगळं आगारात जमा करून आले आणि मी चिमट्यासाठी भोकाड पसरलं. दहा वर्षांची घोडी! त्या चिमट्याने पडलेल्या तिकिटांच्या बारक्या टिकल्या त्यांच्या खाकी पँटच्या दुमडीत अडकायच्या. आई, तू पँट भिजवायच्या आधी दुमड उलटी करून झटकायचीस आणि मी त्या वेचून बाहुलीच्या कपाळाला लावायचे. एसटीवर त्यांचा जीव एवढा, की १ जून १९४८ ला पुणे–नगर पहिली गाडी सुटली म्हणून दर १ जूनला आजीला शिरा करावा लागायचा. स्वतःचा वाढदिवस मात्र त्यांना आठवत नसे.

तर वही. तारीख, गाव, माणूस, रक्कम, एवढंच. "पाटण. म्हातारी, दवाखाना." "शाळेचा पोरगा, पास हरवला." १९७२ च्या दुष्काळात ते दहिवडीच्या गाडीवर होते, तेव्हाची पानं गच्च भरलीत. एक ओळ अशी आहे: "खडी फोडायला जाणारी बाई, कडेला एक, हाताला एक." चार-पाच पानं वाचली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ज्यांच्याकडे पैसे नसायचे त्यांना तात्यांनी फुकट नेलं नाही आणि वाटेत उतरवलंही नाही. रीतसर तिकीट फाडलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकले. "पगार गळतो तरी कुठं," म्हणून आजी महिनाअखेरीला डोकं धरून बसायची. तो इथे गळत होता.

बाबा, तुमचा राग मला ठाऊक आहे. मल्हारपेठेहून कराडला कॉलेजला जाताना त्यांच्या गाडीत चढलात, तर मित्रांसमोर "तिकीट!" म्हणून हात पुढे करायचे, ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत. मी तरी कुठे सुटले? बारावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही कराडला निघालो. कंडक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "राहू द्या तात्या, हाफच फाडतो, पोर बारकी दिसती." तात्या म्हणाले, "काल बारा पुरी झाली तिला. फुल दे." अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. आता गंमत बघा, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मी परत हाफवर आले! येत्या ऑगस्टात तुम्हाला पंच्याहत्तर पूर्ण झाली की तुमचा प्रवास फुकट. तरी शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्या, नाहीतर तात्या स्वप्नात येऊन तपासणी करतील.

आणि हो, वहीत "चि." नावाच्या नोंदी आहेत. मी मोजल्या. एकोणीस. "चि., कराड, पैसे विसरला." "चि., कराड, परीक्षा." तुम्हाला आठवतंय त्या कॉलेजच्याच वर्षांतल्या.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. ११ डिसेंबर १९६७. पहाटे ४:२१ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मुक्कामाची गाडी हेळवाकच्या वरच्या अंगाला होती आणि तात्या गाडीतच बाकड्यावर झोपले होते. गाडी हलायला लागली तशी ड्रायव्हरने न सांगता काढली असं वाटून त्यांनी झोपेतच दोरी ओढून एक घंटी दिली, थांब म्हणून. हे आजी दरवेळी हसत सांगायची आणि पुढचं सांगायची नाही. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे. दगडमातीच्या भिंती आडव्या झाल्या होत्या. सापडतील त्या जखमींना गाडीत घालून हे दोघं कराडकडे निघाले. रात्री घरी आले तेव्हा केसांत माती तशीच होती.

त्या तारखेपुढे वहीत एवढंच आहे: "२३ माणसं, १ शेळी." रकमेचा रकाना कोरा. पुढची नोंद एकदम १४ तारखेची.

शेळी कुणाची, बाबा? एवढ्या धांदलीत तिला गाडीत कुणी घेतलं, आणि तात्यांनी ती मोजली कशाला?

तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. बाकी सगळी वही पेन्सिलीने लिहिलेली आहे, ही एकच ओळ निळ्या शाईची. घरात तेव्हा शाईपेन एकच होतं, तुमचं, मॅट्रिकचं. म्हणजे ते लिहीत होते तेव्हा तुम्ही शेजारी असणार.

शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या गाडीने निघते. वही आणतेय. आई, जेवायला थांबू नका. पण बाबांना दुपारी झोपू देऊ नकोस.

तुमची,
सुमा